दुभाष्या हरवलेला लॅपटॉप

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की आपल्या विद्यालयातील शिक्षकांना माजी विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे दूरध्वनी येऊ लागतात. पूर्वी त्यांचे विषय ठरलेले असत : कोणते महाविद्यालय चांगले, वसतिगृह मिळेल काय, जात पडताळणीचे प्रकरण कोठे अडले. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. "सर, लॅपटॉपवर वायफायच दिसून नाही राहिलं. दुकानात दाखवला तर बोर्ड गेला म्हणून सांगून राहिले. काय करू?"

प्रश्न लहान दिसतो, पण तो लहान नाही. तो लॅपटॉप घरात आला तेव्हा धानाचे किंवा तेंदूच्या हंगामाचे पैसे त्यात गेलेले असतात. घरातले ते एकमेव संगणक-यंत्र असते. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, उत्पन्नाचा दाखला चढवायचा असतो, प्रवेश फेरीत महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यायचा असतो. आणि या प्रत्येक कामाला शेवटची तारीख असते. भामरागडहून किंवा सिरोंच्याहून चंद्रपूर गाठायचे म्हणजे दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास. पर्लकोटेला पूर आला तर भामरागडचा रस्ताच बंद. यंत्र दुरुस्तीला टाकून परत आणेपर्यंत तारीख निघून जाते. म्हणून या स्मरणिकेत या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे वाटले. अशा तक्रारींपैकी बऱ्याच प्रकरणांत यंत्राचे काहीच गेलेले नसते. बिघडलेला असतो तो ‘ड्रायव्हर’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम, आणि तो घरी बसून, एक पैसाही न देता, पुन्हा जागेवर आणता येतो.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला समजावणे सोपे आहे. कार्यालयात एक अधिकारी बसला आहे, त्याला मराठी येते. समोर एक वृद्ध आजोबा आहेत, त्यांना माडिया येते. दोघेही धडधाकट आहेत, दोघांनाही काम करायचे आहे. पण दुभाष्या आला नाही तर काम होत नाही. लॅपटॉपमधील विंडोज ही कार्यप्रणाली म्हणजे तो अधिकारी. वायफायच्या लहरी पकडणारे छोटे कार्ड, ज्याला वायरलेस अडॅप्टर म्हणतात, ते आजोबा. दोघांच्या मधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्या नसेल, आजारी असेल, किंवा माडियाच्या जागी तेलुगू जाणणारा पाठवला गेला असेल, तर अधिकारी आपल्या वहीत लिहून टाकतो की असा कोणी मनुष्य आलाच नाही. पडद्यावर वायफायचे चिन्हच नाहीसे होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की कार्ड जळले.

प्रत्येक कार्डाची भाषा वेगळी असते, ही यातील खरी मेख आहे. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम, ब्रॉडकॉम अशा मोजक्या कंपन्या वायफायच्या चिपा बनवतात, आणि एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी एकाच मॉडेलमध्ये कधी या कंपनीची, कधी त्या कंपनीची चिप बसवते. त्यामुळे वर्गमित्राचा लॅपटॉप अगदी तसाच असला, तरी त्याचा ड्रायव्हर आपल्याला लागू पडेलच असे नाही.

तथापि, वायफाय चालत नाही म्हणजे ड्रायव्हरच बिघडला, असेही नव्हे. अमुक असेल तर तमुक घडते, अमुक नसेल तर तमुक घडत नाही, ही कारणपरंपरा पाहण्याची शिकवण आपल्याला प्रतीत्यसमुत्पादाच्या रूपाने मिळाली आहे. ती येथे शब्दशः उपयोगी पडते. इंटरनेट आपल्यापर्यंत येते ते एका साखळीने. टॉवरपासून फोन किंवा राऊटर, तेथून लहरी, मग कार्ड, मग ड्रायव्हर, मग विंडोजमधील वायफायची सेवा. कोणती कडी तुटली हे आधी ओळखावे, मग हात घालावा.

पहिली कसोटी अशी : त्याच हॉटस्पॉटवर दुसरा फोन जोडून पाहावा. तोही चालत नसेल तर दोष लॅपटॉपचा नाही. आपल्याकडे या कसोटीला विशेष महत्त्व आहे. नक्षलग्रस्त भागांतील सुरक्षेच्या ठिकाणचे २,३४३ मोबाइल टॉवर टू-जी वरून फोर-जी वर नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती एप्रिल २०२२ मध्ये, आणि त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. म्हणजे इतर जिल्ह्यांत फोर-जी जुने झाले होते तेव्हा आपल्याकडच्या कित्येक टॉवरांसाठी तो निर्णय व्हायचा होता. फोनवर पट्ट्या दिसतात पण पान उघडत नाही, हा अनुभव येथे कोणाला नवा नाही. त्याचा राग लॅपटॉपवर काढण्यात अर्थ नाही.

दुसरी कसोटी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात आहे. वायफायचे पंख्यासारखे चिन्ह दिसते, आसपासची नावेही दिसतात, जोडणीही होते, पण ‘इंटरनेट नाही’ असे लिहून येते. अशा वेळी ड्रायव्हर बहुधा निर्दोष असतो. पंख्याच्या जागी पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह आले असेल आणि सेटिंग्जमध्ये ‘वायफाय’ हा शब्दच उरला नसेल, तर मात्र विंडोजला कार्ड दिसत नाही असे समजावे. येथून पुढचा शोध ड्रायव्हरचा.

शोधाला लागण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी कराव्यात, कारण निम्मी धास्ती त्यांतच संपू शकते. कळफलकाच्या वरच्या ओळीत विमानाचे किंवा लहरींचे चित्र असलेली कळ असते. ती चुकून दाबली गेली की वायफाय बंद होते. ती तपासावी. त्यानंतर लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ करून पुन्हा लावणे आणि ‘रीस्टार्ट’ करणे यांत फरक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे शट डाउन करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उघडली जाते. रुसलेला ड्रायव्हर रुसलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये सारे नव्याने सुरू होते. एवढ्याने भागले नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा आणि चालू करण्याचे बटण तीसेक सेकंद दाबून धरावे. यंत्र बंद असतानाही कार्डाला थोडी वीज मिळत राहते. ती निघून गेली की अडकलेले कार्ड पुष्कळदा शुद्धीवर येते.

आता मुख्य जागा. पडद्यावरील ‘स्टार्ट’च्या चिन्हावर उजवी कळ दाबली की एक यादी उघडते, तीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ असते. ही यंत्रातील सर्व सुट्या भागांची हजेरीवही होय. तीत ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ या ओळीखाली आपले वायफाय कार्ड नावानिशी दिसले पाहिजे. नावाशेजारी खाली वळलेला बाण असेल तर कार्ड केवळ बंद केलेले आहे. उजवी कळ दाबून ‘एनेबल’ केले की काम झाले. पिवळा त्रिकोण असेल तर नावावर दोनदा टिचकी मारावी. जी चौकट उघडते तीत एक क्रमांक लिहिलेला असतो, आणि तो क्रमांक म्हणजे यंत्राने स्वतः दिलेली जबानी असते. २८ म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण कार्ड सुरू होत नाही. २२ म्हणजे बंद करून ठेवले आहे. ४३ म्हणजे कार्डानेच काही बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवले. ४५ म्हणजे पूर्वी होते, आता जोडलेले दिसत नाही. दुकानदाराकडे जाण्याचीच वेळ आली तरी हा क्रमांक कागदावर लिहून न्यावा. ‘वायफाय चालत नाही’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि ‘कोड दहा येतो आहे’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या उत्तरांत फरक पडतो, असा अनुभव आहे.

क्रमांक १० किंवा ४३ असेल तर प्रथम त्याच नावावर उजवी कळ दाबून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे आणि रीस्टार्ट करावे. विंडोज आपल्या साठ्यातून ड्रायव्हर काढून पुन्हा बसवते. मात्र येथे एक छोटा चौकोन दिसतो, ड्रायव्हरचा प्रोग्रॅमही काढून टाकायचा काय असे विचारणारा. हातात नवा ड्रायव्हर असल्याशिवाय त्या चौकोनात खूण करू नये. साठाच रिकामा झाला तर पुन्हा बसवायला काही उरत नाही.

कधी कधी ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली वायफायचे नावच नसते, पण ‘अदर डिव्हाइसेस’ या ओळीखाली ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे बेवारस नाव पिवळ्या त्रिकोणासह दिसते. ही आनंदाची बातमी समजावी. कार्ड जिवंत आहे, विंडोजने त्याला पाहिले आहे, फक्त त्याची भाषा ओळखलेली नाही. विंडोज नव्याने टाकून आणलेल्या लॅपटॉपमध्ये हे हमखास घडते.

ड्रायव्हर आणायचा तर इंटरनेट हवे, आणि इंटरनेट नाही म्हणून तर ड्रायव्हर हवा. या चक्रात पुष्कळ जण हात टेकतात आणि येथेच ‘बोर्ड गेला’ या निदानावर विश्वास बसतो. त्यातून बाहेर काढणारी वस्तू प्रत्येकाच्या खिशात असते. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये, जेथे हॉटस्पॉट असतो तेथेच, ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करावे. लॅपटॉप त्या फोनला तारेने आलेले नेटवर्क समजतो. त्यासाठी लागणारा दुभाष्या विंडोज १० आणि ११ मध्ये आधीच बसलेला असतो, त्यामुळे वायफायचे कार्ड मुके असले तरी काही अडत नाही. फोन स्वतः एखाद्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेही तारेतून पुढे देतात. पर्याय फिका दिसत असेल आणि दाबला जात नसेल, तर केबल बदलून पाहावी. स्वस्त केबलींपैकी काहींत केवळ वीज वाहण्याच्या तारा असतात, माहिती वाहण्याच्या नसतात. या एका गोष्टीपायी हा उपाय ‘जमत नाही’ म्हणून सोडून दिला जातो. आयफोनला मात्र लॅपटॉपवर ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो. म्हणून या कामासाठी शेजाऱ्याचा अँड्रॉइड मागून आणणे सोपे.

टिथरिंग सुरू झाल्यावर लगेच सेटिंग्जमध्ये जाऊन त्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण करावी. नाहीतर दबा धरून बसलेले विंडोजचे मोठे अपडेट फोनचा दिवसाचा सारा डेटा गिळून टाकतात आणि ड्रायव्हर उतरण्याआधीच नेट संपते.

ड्रायव्हर घ्यावा तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून. लॅपटॉपच्या पोटावरील चिकटपट्टीवर मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. पट्टी घासून गेली असेल तर स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ असे टंकावे, मॉडेल तेथे दिसते. संकेतस्थळावर ते मॉडेल घातले की ड्रायव्हरांची यादी येते. तीत वायफायचे दोन-तीन ड्रायव्हर दिसून गोंधळ होतो. कारण वर सांगितल्याप्रमाणे एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या चिपा असतात. आपली कोणती, हे डिव्हाइस मॅनेजरच सांगतो. बेवारस नावावर दोनदा टिचकी, मग ‘डिटेल्स’, मग यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. जी लांबलचक ओळ येते तीत ‘व्हीईएन’ या अक्षरांनंतर चार अक्षरांचे किंवा अंकांचे चिन्ह असते. ८०८६ म्हणजे इंटेल. १०ईसी म्हणजे रिअलटेक. १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, आणि १६८सी म्हणजे क्वालकॉमची अथेरॉस. इंटेलचे चिन्ह तिच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरच्या नावावरून आहे, एवढे लक्षात ठेवले की ते विसरत नाही. ही ओळ म्हणजे कार्डाचे आधार कार्ड. लॅपटॉपवरील नाव, दुकानदाराचे म्हणणे, मित्राचा तर्क यांपेक्षा हिच्यावर विसंबावे.

फोनच हाताशी नसेल तर दुसऱ्या संगणकावर, महाविद्यालयात किंवा सेतू केंद्रात, ती फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर आणावी. फाइल स्वतःहून चालणारी असेल तर दोनदा टिचकी मारली की ड्रायव्हर बसतो. नुसतीच गुंडाळलेली घडी असेल तर ती उलगडून, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’ आणि मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’ निवडून त्या फोल्डरकडे बोट दाखवावे.

दुसऱ्या प्रकारची तक्रार अशी असते की काल चालत होते, रात्री अपडेट झाले, आज बंद. यात वापरणाऱ्याचा काही दोष नसतो, आणि हे मोठमोठ्या संस्थांतही घडते. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही लॅपटॉपांचे वायफाय अडले. घरच्या साध्या वायफायवर त्याचा परिणाम सहसा झाला नाही. विद्यापीठांच्या आणि मोठ्या कार्यालयांच्या नेटवर्कवर झाला, आणि अनेक विद्यापीठांना ते अपडेट काढून टाका असे विद्यार्थ्यांना सांगावे लागले. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच तो बदल मागे घेतला. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असे बटण असते. ते दाबले की आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिके असेल तर जुना ड्रायव्हर जपलेला नाही असे समजून कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीची आवृत्ती उतरवावी. नवे ते उत्तमच, ही समजूत ड्रायव्हरच्या बाबतीत धरू नये. चालणारा ड्रायव्हर विनाकारण बदलू नये.

त्याच चौकटीत ‘पॉवर मॅनेजमेंट’ हे पान काही लॅपटॉपांवर असते. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा विंडोजला दिलेली असते. वायफाय दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटत असेल, तर ती खूण काढून पाहावी.

ड्रायव्हरवर नाहक आळ येतो अशा तीन गोष्टी येथेच सांगून टाकतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला झाला तो २००५ साली. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा व्यापकपणे खुला झाला तो २०१८ साली. जुन्या लॅपटॉपांची कार्डे पुष्कळदा पहिलाच पट्टा ऐकू शकतात. नव्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर लावलेला असेल तर अशा लॅपटॉपला तो दिसतच नाही, शेजाऱ्यांची वायफाये मात्र दिसतात. फोनमध्ये हॉटस्पॉटचा पट्टा २.४ करावा. दुसरी गोष्ट, हॉटस्पॉटची सुरक्षा ‘डब्ल्यूपीए-३’ असेल तर जुन्या कार्डाला ती उमगत नाही. ती ‘डब्ल्यूपीए-२’ करावी. पट्टा २.४ चा असला की लहर भिंतीपलीकडे अधिक पोचते, हाही आपल्या मातीच्या जाड भिंतींच्या घरांत फायदाच. तिसरी गोष्ट गमतीची आहे. बरेच दिवस बंद पडून राहिलेल्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपते, त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि मग कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. वायफाय जोडलेले असते, तरी शिष्यवृत्तीचे पान उघडत नाही. तारीख दुरुस्त केली की सारे सुरळीत.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. शोधयंत्रात ‘वायफाय ड्रायव्हर’ असे टंकले की कित्येक संकेतस्थळे समोर येतात, जी ‘एका टिचकीत सर्व ड्रायव्हर दुरुस्त’ करण्याचे आश्वासन देतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. काही पैसे उकळतात, काही नको ते प्रोग्रॅम घुसवतात. ड्रायव्हरच्या बाबतीत हा धोका इतर प्रोग्रॅमांहून मोठा का, हेही समजून घ्यावे. साधा प्रोग्रॅम कार्यालयाच्या खिडकीबाहेर उभा असतो. दुभाष्या मात्र आत, अधिकाऱ्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसतो आणि कपाटांच्या किल्ल्या त्याच्या हाताशी असतात. संगणकाच्या भाषेत त्याला गाभा म्हणतात. गाभ्यात बसलेल्याची चूक साऱ्या यंत्राला भोवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या, गाभ्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमला एक सदोष फाइल मिळाली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्या देशात विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. ती तर प्रतिष्ठित कंपनीची प्रामाणिक चूक होती. अनोळखी संकेतस्थळावरून आणलेल्या दुभाष्याच्या हाती किल्ल्या द्याव्यात काय, हे प्रत्येकाने ठरवावे. कोणी सांगितले, कोठेतरी वाचले, सारे तसेच करतात, एवढ्यावर एखादी गोष्ट स्वीकारू नये, हा कालाम सुत्ताचा उपदेश विद्यालयाच्या सभागृहात आपण सर्वांनीच ऐकलेला आहे.

जुन्या लॅपटॉपांविषयी थोडे वेगळे बोलावे लागेल. विंडोज १० ला मिळणारी नियमित मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ती तारीख आपल्या समाजासाठी कोणती आहे हे सांगायला नको. मायक्रोसॉफ्टला त्याची कल्पना असण्याचे कारण नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक लॅपटॉप आता अधांतरी आहेत. त्यांच्यासाठी लिनक्स हा मोफत मार्ग आहे. उबुंटूसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवर टाकून, लॅपटॉपमध्ये काहीही न बदलता, नुसती चालवून पाहता येते. यात ड्रायव्हरच्या निदानाची एक अतिशय चोख युक्ती दडलेली आहे. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये वायफाय चालले, तर कार्ड शंभर टक्के ठणठणीत आहे आणि दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा आहे, हे सिद्ध झाले. मग बोर्ड बदलण्याची गोष्ट कोणी काढली तरी ऐकण्याचे कारण नाही.

लिनक्समध्ये मात्र एके काळी वायफाय हेच मोठे दुखणे होते, आणि त्यामागची कथा तांत्रिक कमी, सामाजिक जास्त आहे. अनेक कंपन्या आपल्या चिपांची भाषा उघड करीत नसत. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सने दिलेले एक छपाईयंत्र सतत अडत असे. रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रॅमरला त्याचा ड्रायव्हर सुधारायचा होता, कारण आधीच्या यंत्राचा त्याने सुधारला होता. पण नव्याचा मूळ मजकूर मिळेना. दुसऱ्या एका विद्यापीठातील ज्या माणसाकडे तो होता, त्याने तो कोणाला न देण्याचे कंपनीला लिहून दिले होते. ज्ञान आहे, उपयोगी आहे, समोर आहे, पण तुला मिळणार नाही, हे उत्तर स्टॉलमनला सहन झाले नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला, आणि आज आपण जिला लिनक्स म्हणतो ती त्या परंपरेत वाढली. ज्ञानाला कुलूप घालण्याची रीत आपल्या समाजाने शतकानुशतके सोसली आहे. त्यामुळे ही कथा आपल्याला इतरांहून लवकर कळावी. कुलपे हळूहळू निघतातही. ब्रॉडकॉमने बराच काळ हात आखडता ठेवल्यावर सप्टेंबर २०१० मध्ये लिनक्ससाठी आपल्या नव्या वायफाय चिपांचा ड्रायव्हर खुला केला. आज इंटेल आणि अथेरॉसची बहुतेक कार्डे लिनक्समध्ये काही न करता चालतात. ब्रॉडकॉमची जुनी आणि रिअलटेकची काही कार्डे अजूनही अडतात. तेथेही यूएसबी टिथरिंग लावून ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ या प्रोग्रॅममधून शोध घ्यावा.

एवढे सर्व करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा मागमूस नसेल, लिनक्समध्येही ते दिसत नसेल, तर कार्ड खरोखर सैल झाले किंवा गेले असे समजावे. बहुतेक लॅपटॉपांत ते बोटाएवढे सुटे कार्ड असते, मदरबोर्डशी एकजीव नसते. काही पातळ मॉडेलांत मात्र ते बोर्डावरच जडवलेले असते. पंखा साफ करण्यासाठी उघडलेल्या लॅपटॉपमध्ये कार्डाला जोडलेल्या दोन बारीक तारांपैकी एखादी निसटलेली असते, आणि तेव्हा वायफाय दिसते पण राऊटरच्या शेजारी बसल्याशिवाय पकडत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला ‘कार्ड आणि अँटेनाच्या तारा पाहा’ असे नेमके सांगावे. आणि तारीख अगदी तोंडावर आली असेल, तर काही शे रुपयांत मिळणारा, नखाएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर खोचून काम चालवावे. तो घेताना त्याचा ड्रायव्हर विंडोज आपणहून ओळखते काय, हे दुकानातच लावून पाहावे. नाहीतर पुन्हा पहिल्या प्रश्नापाशी येऊ.

अखेरीस माजी विद्यार्थ्यांसाठी एक विनंती. नोकरीत स्थिरावल्यावर आपला जुना लॅपटॉप विद्यालयाला किंवा गावाकडील भावंडाला देण्याची चांगली प्रथा आपल्यात रुजली आहे. देणारा त्यातील सारी खासगी माहिती पुसतो, विंडोज नव्याने टाकतो, आणि त्या ओघात ड्रायव्हरही पुसला जातो. शहरात ते जाणवत नाही. पुण्याच्या घरी तो लॅपटॉप तारेच्या नेटवर लागतो आणि विंडोज ड्रायव्हर आपणहून ओढून घेते. एटापल्लीला तो उघडला की वायफायचे चिन्ह नसते. तेव्हा लॅपटॉप देण्यापूर्वी त्याच्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर उतरवून एका पेन ड्राइव्हवर ठेवावा, एकदा रीस्टार्ट करून वायफाय चालते याची खात्री करावी, आणि एका चिठ्ठीवर मॉडेलचे नाव, चिपची कंपनी, वापरकर्त्याचा पासवर्ड लिहून ती चिठ्ठी चार्जरच्या पिशवीत टाकावी. माहिती पाठवू शकणारी एक चांगली यूएसबी केबलही त्याच पिशवीत असावी.